आपाची फी

मी इंजिनिअर झालो तो बागवान असल्याच्या दाखल्यावर. मुस्लिमांमधल्या मागास जातींना ओबीसी सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने 1994 मध्ये घेतला, त्याचा मी लाभार्थी. अब्बांची मिरजेत फळांची हातगाडी होती. कॉलेजची अर्धी फी सरकारने भरली, अर्धी त्यांनी. आज मी एका वर्षात जेवढा इन्कम टॅक्स भरतो, तेवढा खर्च सरकारने चार वर्षांत मिळूनही माझ्यावर केला नव्हता. कुणी शिष्यवृत्तीला खैरात म्हटलं की मी हा हिशेब पुढे ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान बेचिराख झाले, तरी इतक्या लवकर उभे कसे राहिले? अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांचं उत्तर साधं होतं. कारखाने पडले, पण ते पुन्हा चालवू शकणारी शिकलेली माणसं शिल्लक होती. 1979 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे हे कागदावर सगळ्यांना मान्य आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही तेच म्हटलं. प्रत्यक्षात 2022 मध्ये अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती केंद्राने बंद केली. कारण काय, तर शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे. फी मोफत असेल. पण गॅरेजमध्ये मिळणारी रोजची मजुरी सोडून पोरगा वर्गात बसतो, तो खर्च त्याचे आई-वडीलच सोसतात. बरेच जण नववीपर्यंतही तो सोसू शकत नाहीत.

सरकारला हे सुनावताना माझीच जीभ अडखळते, कारण आमच्या घरातही एक शिष्यवृत्ती बंद पडली होती. आपाला बारावीला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. दोघांची फी झेपणार नाही, असं अब्बांनी ठरवलं. कुणाची भरायची यावर चर्चासुद्धा झाली नाही, आणि मीही गप्प बसलो. आपा आज गल्लीतल्या पोरांची गणिताची शिकवणी घेते. तिच्या हातचे दोन विद्यार्थी पुण्यात इंजिनिअरिंगला आहेत.

आता तिची मुलगी बारावीला आहे. 2024 पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश हवा आणि कागद पूर्ण हवेत. खरी अडचण कागदांचीच. ओबीसीसाठी 1967 च्या आधीचा पुरावा मागतात, आणि आपल्या बहुतेकांच्या जुन्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. तुमच्या घरात दहावीत मुलगी असेल तर आत्ताच शोधायला लागा. निकालानंतर वेळ पुरत नाही.

येत्या सोमवारी मी रजा टाकली आहे. भाचीच्या वडिलांकडचे आजोबा ज्या शाळेत होते, तिथलं जनरल रजिस्टर बघायला आपा आणि मी जाणार आहोत.