‘दुर्मीळ’ कोणासाठी?

पाश्चात्त्य वैद्यकग्रंथांत ईल्स रोगाला ‘दुर्मीळ’ हे विशेषण हमखास चिकटलेले असते. 1880 मध्ये बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स या नेत्रवैद्याने काही तरुणांच्या दृष्टिपटलात होणाऱ्या रक्तस्रावाची नोंद केली आणि त्याचा संबंध त्यांच्या बद्धकोष्ठाशी व नाकातून वाहणाऱ्या रक्ताशी जोडला. बद्धकोष्ठाची उपपत्ती कालांतराने मोडीत निघाली. इंग्लंड-अमेरिकेतून तो रोगही पुढे जवळजवळ दिसेनासा झाला. भारतात मात्र तो ठाण मांडून बसला. नेत्रचिकित्सालयात येणाऱ्या दर दोन-अडीचशे रुग्णांत एक, असे प्रमाण भारतीय नेत्रतज्ज्ञांनी नोंदविलेले आहे. तेव्हा हा रोग दुर्मीळ आहे तो कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न वैद्यकाचा राहत नाही, तो अर्थकारणाचा होतो.

हा रोग म्हाताऱ्यांचा नाही. वीस ते चाळीस या कमावत्या वयात तो गाठतो, आणि बहुतांशी पुरुषांना. दृष्टिपटलाच्या कडेच्या शिरांना सूज येते, त्या बुजत जातात, तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. उपासमार झालेला तो भाग नव्या रक्तवाहिन्यांना जन्म देतो. त्या इतक्या नाजूक असतात की फुटून डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरते. सकाळी उठलेल्या माणसाला समोर धूर किंवा कोळ्याचे जाळे दिसते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. आठवड्या-पंधरवड्यांनी रक्त जिरते, दिसू लागते, आणि माणूस देवाचे आभार मानून कामावर जातो. घात होतो तो इथेच. रक्तस्राव पुन्हा होतो, बहुधा दुसरा डोळाही धरला जातो, आत तंतुमय पडदे तयार होतात आणि शेवटी ते दृष्टिपटलाला ओढून सोडवतात.

निदानाला चमत्कार लागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटलाची पार कडेपर्यंत तपासणी करावी लागते. बाहुली लहान असताना मध्यभागच दिसतो आणि रोग कडेला असतो. रक्ताने डोळा भरला असेल तर सोनोग्राफी, ‘चांगल्या’ डोळ्याचीही तपासणी, शक्य तेथे फ्लुरेसिन अँजिओग्राफी. मधुमेह, सिकलसेल यांसारखी अन्य कारणे वगळायची, छातीचा एक्स-रे आणि क्षयाची त्वचाचाचणी करायची. उपचारही ठरलेले आहेत: सूज असेल तर स्टेरॉइड, उपाशी भागावर लेसर, आणि रक्त हटत नसेल वा पडदा ओढला जात असेल तर 1970 च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी रूढ केलेली व्हिट्रेक्टॉमीची शस्त्रक्रिया. वेळेवर लेसर मिळाला तर बहुतेकांची दृष्टी वाचवता येते.

आता सातारा-सांगलीकडे पाहा. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम झाले, 1962 मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. डोळा आणि क्षय या दोन्हींची परंपरा असलेली अशी गावे राज्यात थोडीच. पण जत, आटपाडी, माण, खटाव येथून मिरजेला किंवा पुण्याला येणे म्हणजे रोजगार बुडवणे, आणि या रोगात एकदा येऊन भागत नाही. विट्याच्या यंत्रमागावरचा कामगार किंवा वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा साताऱ्याचा माथाडी कितीदा खाडा करणार? बाहुली मोठी केल्यावर सहा-सात तास नजर धूसर राहते, म्हणजे ज्या दिवशी तपासणी त्या दिवशी मजुरी नाही. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना (जोतीरावांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचेच) रुग्णालयात दाखल होणाऱ्याचा खर्च भागविण्यासाठी आखलेली आहे. वारंवारच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी हा खर्च तिच्या हिशेबात नाही.

या रोगाचे क्षयाशी नाते काय, याविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांना रुग्णांच्या डोळ्यांतील ऊतींत क्षयजंतूचे डीएनए सापडले. जिवंत जंतू मात्र हाती लागत नाहीत, म्हणून जंतूच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने दिलेली ही अतिरेकी प्रतिक्रिया असावी असे अनेकांना वाटते. वाद चालू राहो. क्षय जिथून हटला तिथून हा रोगही विरळ झाला, हे तरी दिसतेच आहे. 2025 पर्यंत क्षयमुक्त भारत अशी घोषणा 2018 मध्ये झाली होती. ते वर्ष उलटले, आणि जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आजही भारतातच आहेत. बेडक्यात जंतू न सापडणारा हा तरुण तर क्षयाच्या यादीतही सहसा बसत नाही.

अंधांच्या यादीत तरी तो आहे काय? 1976 मध्ये सुरू झालेला अंधत्व नियंत्रण कार्यक्रम मुख्यतः मोतीबिंदूभोवती फिरत राहिला. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा मुख्य भर पन्नाशीपुढील लोकांवर होता. पंचविशीतला माथाडी त्यात येणार कसा? अंधत्व मोजतात ते अधिक चांगल्या डोळ्यावरून, म्हणजे एक डोळा गेलेला मनुष्य कागदावर डोळस. अपंगत्वाचे लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात आणि दुसरा डोळा चांगला असलेला एकाक्ष त्या उंबरठ्याखालीच थांबतो. 2017 मध्ये तर अंधत्वाची व्याख्याच 6/60 वरून 3/60 वर आणण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी मेळ घालणे हे कारण खरे असेलही. परंतु लेखणीच्या एका फटकाऱ्यात कित्येक आंधळे डोळस झाले, हेही तितकेच खरे.

औषधांच्या बाजाराचा मासला पाहण्याजोगा आहे. आतड्याच्या कर्करोगावरचे बेव्हॅसिझुमॅब डोळ्यात टोचले तर नव्या रक्तवाहिन्या आटतात, हे 2005 पासून माहीत आहे. त्याच कुळातले रॅनिबिझुमॅब खास डोळ्यासाठी म्हणून विकले गेले. 2011 मध्ये अमेरिकेतील तुलनात्मक चाचणीत वृद्धांच्या दृष्टिपटलविकारावर दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. किंमत मात्र एका डोसला सुमारे 50 डॉलर विरुद्ध 2000 डॉलर. स्वस्त औषधाला बाजूला सारण्यासाठी संगनमत केल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2014 मध्ये रोश आणि नोव्हार्टिस यांना मिळून 18 कोटी युरोंहून अधिक दंड केला. भारतात जानेवारी 2016 मध्ये गुजरातेतील जंतुसंसर्गाच्या घटनेनंतर औषध नियंत्रकांनी बेव्हॅसिझुमॅबच्या डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा काढला आणि नेत्रतज्ज्ञांच्या आक्षेपानंतर तो मागे घेतला. एका कुपीतून अनेकांचे डोस काढताना जंतुसंसर्गाची भीती खरी आहे. तिच्यावरचा इलाज निर्जंतुक कक्ष हा आहे, चाळीसपट किंमत हा नव्हे. अर्थात ईल्स रोगात सुई हे दुय्यम साधन, आणि पडदे तयार झाले असतील तर ती दृष्टिपटलाची ओढ वाढवूही शकते. मुख्य भिस्त लेसरवरच.

आणि लेसर म्हटला की साधनांच्या मर्यादेचे रडगाणे सुरू होते. मूठभर रुग्णांसाठी लाखोंचे यंत्र कशाला, असे नियोजनकार विचारतात. हे यंत्र ईल्सच्या रुग्णासाठी वेगळे घ्यावेच लागत नाही. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडलेल्यांना तोच लेसर लागतो, आणि मधुमेही काही दुर्मीळ नाहीत. जिल्हा रुग्णालयात यंत्र आणि ते चालवणारा माणूस आला की ईल्सच्या रुग्णाचा जादा खर्च जवळपास शून्य. समोर मात्र तीस-पस्तीस वर्षांची कमाई पणाला लागलेली.

दोन्ही जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीपूर्वी चार गोष्टींची लेखी माहिती मागावी: जिल्हा रुग्णालयात दृष्टिपटलाचा लेसर आहे काय, असल्यास तो चालवणारे पद भरलेले आहे काय, गेल्या वर्षी चाळिशीखालील किती रुग्णांवर तो वापरला, आणि उपजिल्हा रुग्णालयांत बाहुली मोठी करून तपासणी आठवड्यातून किती दिवस होते.