चिकट रबर: कुणाच्या हातात शोभतं?



घरात टेबल टेनिस खेळणारं मूल असेल, तर एक हट्ट कधी ना कधी ऐकू येतोच. "मला ते चिनी चिकट रबर हवंय. मा लाँग वापरतो ते!" आईबाबांच्या दृष्टीने बॅट म्हणजे बॅट. लाकूड आणि त्यावर एका बाजूला लाल, एका बाजूला काळं रबर. दुकानदार मात्र दहा पाकिटं समोर टाकतो आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्याची किंमत दुप्पट, तिसऱ्याची चौपट निघते. पन्नाशीत सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पुन्हा खेळायला लागलेले काका-मावशीही हेच विचारतात, "चिकट घेऊ का साधं?"

उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण नीट विचार केला तर पैसेही वाचतात आणि खांदाही. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

चिकट म्हणजे नेमकं काय?

आजच्या रबराचे दोन थर असतात. वर रबराची शीट, तिला टॉपशीट म्हणतात. खाली स्पंज. चिकट रबराच्या टॉपशीटला बोट लावलं तर ते किंचित धरून ठेवल्यासारखं वाटतं. नव्या रबरावर चेंडू हलकेच दाबून बॅट उलटी केली, तर २.७ ग्रॅमचा तो चेंडू क्षणभर लटकून राहतो. दुकानात ही गंमत हमखास दाखवतात आणि मुलं तिथेच भाळतात.

पण तेवढ्यावर खरेदी करू नका. खेळताना चेंडू रबराला जेमतेम एक हजारांश सेकंद टेकतो. तेवढ्यात फिरकी किती बसणार, हे बॅट किती वेगाने आणि कोणत्या कोनातून चेंडूला घासून गेली यावर ठरतं. चिकटपणा मदत करतो, काम तुमचा हातच करतो. हात हळू असेल तर सगळ्यात चिकट रबरही गप्प बसतं.

दुसरी गोष्ट स्पंजची. पारंपरिक चिनी चिकट रबराखालचा स्पंज टणक असतो. जपानी आणि जर्मन रबरांत स्पंज स्प्रिंगसारखा चेंडू उसळवून देतो. चिनी स्पंज तसं काही फुकट देत नाही. हळू टोला मारला तर चेंडू थंड निघतो. पाय रोवून, कंबर फिरवून पूर्ण टोला मारला, तरच स्पंज दबतो आणि चेंडू जोरदार फिरकी घेऊन टेबलावरून झेपावतो. या रबराचा सगळा स्वभाव एवढ्यात आला: जेवढं द्याल, तेवढंच परत मिळेल.

बॅटने खेळ बदलतो, हे मुंबईने पाहिलंय

१९५२ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली होती. तेव्हा बहुतेक खेळाडू स्पंज नसलेलं, दाणेदार रबर वापरत. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. चेंडू बॅटला लागल्याचा ओळखीचा टकटक आवाजच येईना, त्यामुळे समोरचे गोंधळून जात. पुढे १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने रबराच्या जाडीवर मर्यादा घातली. आजही स्पंज आणि गोंद धरून ४ मिलिमीटरच्या वर जाता येत नाही.

म्हणजे साहित्याला महत्त्व आहेच. पण ते सातोच्या खेळाला साजेसं होतं, म्हणून उपयोगी पडलं. आपल्या मनिका बत्राचंच बघा. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने महिला एकेरीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा तिच्या बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर होतं. क्लबातली मुलं सहसा ज्याच्यामागे धावतात, तसलं ते नव्हेच. तिच्या खेळाला ते बसलं, एवढं पुरे.

आधी स्वतःला चार प्रश्न विचारा

दुकानात जाण्याआधी, किंवा मोबाइलवर 'खरेदी करा' दाबण्याआधी, या चार प्रश्नांची खरी उत्तरं द्या.

पहिला: तुमचे गुण कशावर येतात? सर्व्हिसच्या फिरकीवर, फोरहँडच्या टॉपस्पिनवर, की समोरच्याच्या चुकीची वाट बघत ब्लॉक करून?

दुसरा: पाय चालतात का? दर चेंडूला अर्धं पाऊल सरकून तुम्ही नीट उभे राहता, की जागेवरून हात लांब करता?

तिसरा: आठवड्यातून किती दिवस खेळता? चिकट रबराला सराव लागतो. फक्त रविवारी खेळणाऱ्याला ते दर रविवारी नवंच वाटतं.

चौथा: खांदा, कोपर, मनगट यांपैकी काही दुखतं का?

आता उत्तरांनुसार बघू.

तुम्ही फोरहँडने हल्ला करणारे असाल तर

टॉपस्पिन हा तुमचा मुख्य फटका असेल, पाय चालत असतील आणि आठवड्यातून तीन-चार दिवस सराव होत असेल, तर फोरहँडला चिकट रबर तुमच्यासाठीच आहे. सर्व्हिसला फिरकी छान बसते. जाळीजवळचा आखूड पुश खरंच आखूड राहतो, कारण स्पंज चेंडू पुढे ढकलत नाही. समोरच्याने कापून टाकलेला चेंडू उचलून लूप करताना टॉपशीट त्याला धरते.

डीएचएस कंपनीचं हरिकेन ३ हे या जातीचं सर्वांत प्रसिद्ध रबर. मा लाँगच्या फोरहँडला तेच असे. पण इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. चिनी राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंना मिळणारा स्पंज आणि आपल्याला दुकानात मिळणारा स्पंज एकच नसतो. शिवाय यांतले अनेक खेळाडू बरीच वर्षं फोरहँडला चिकट आणि बॅकहँडला उसळतं जपानी रबर लावून खेळले. बॅकहँडचा टोला आखूड असतो, तिथे स्पंजची मदत हवीशी वाटते. त्यांनाही वाटते, मग आपल्याला तर हवीच.

तुम्ही टेबलाजवळ ब्लॉक करणारे असाल तर

समोरच्याचा वेग वापरून चेंडू नुसता वळवून देणं ही तुमची ताकद असेल, तर टणक चिकट रबर तुम्हाला निराश करेल. ब्लॉक जाळीत जाईल किंवा हळू पडेल, आणि समोरचा दुसरा टोला आरामात मारेल. तुमच्यासाठी मध्यम स्पंजचं, पकड असलेलं पण न चिकटणारं रबर बरं.

तुम्ही बचाव करणारे असाल तर

टेबलापासून मागे जाऊन चेंडू कापत परत पाठवणाऱ्यांना चिकट रबर फार उपयोगी पडतं, पण स्पंज पातळ हवा, साधारण १.५ मिलिमीटरच्या आसपास. मग वेग कमी राहतो आणि चॉपला भरपूर फिरकी मिळते. बरेच बचावपटू एका बाजूला असं रबर आणि दुसऱ्या बाजूला लांब दाणे लावतात. दोन्ही बाजूंच्या फिरकीत एवढा फरक पडतो, की समोरचा अंदाज बांधताना दमतो.

मूल नुकतंच शिकत असेल तर

आठ-दहा वर्षांच्या मुलाला टणक चिकट रबर देऊ नका. मुलाचा टोला अजून तयार व्हायचा असतो. चेंडू जाळीपलीकडे जात नाही म्हणून ते खांद्याने झटका मारायला लागतं आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. शिवाय ही रबरं जड असतात. कापून लावल्यावर एका बाजूचंच वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास जातं. दोन्ही बाजूंना लावली तर बॅटचं डोकं जड होतं आणि लहान मनगटावर ताण येतो.

सुरुवातीला मध्यम वेगाचं, मऊसर, ताबा देणारं रबर द्या. फोरहँडचा टोला पक्का झाला, असं शिकवणारे सर किंवा मॅडम म्हणाले, की मग चिकट रबराचा विचार. मुलाने हट्ट केला तर नाही म्हणताना कारण सांगा. "महाग आहे म्हणून नाही, अजून तुझा टोला तयार होतोय म्हणून नाही." हे मुलांना पटतं, कारण त्यात पुढे मिळण्याची आशा असते.

पन्नाशीनंतर खेळत असाल तर

चिकटपणा हवाय पण टणक स्पंज झेपत नाही, अशांसाठी मधला मार्ग आहे. त्याला हायब्रिड रबर म्हणतात: वर चिकट टॉपशीट, खाली थोडा उसळता स्पंज. बटरफ्लायचं डिग्निक्स ०९सी, टिबारचं हायब्रिड के३ ही त्यातली गाजलेली नावं. चांगली आहेत, पण साध्या चिनी रबरापेक्षा कितीतरी महाग. आणि हायब्रिड असलं तरी यांचा स्पंजही मऊ नसतो. मित्राच्या बॅटने दोन-तीन संध्याकाळी खेळून बघितल्याशिवाय घेऊ नका. खांदा आधीच कुरकुरत असेल, तर रबर बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पाकिटावरचे आकडे

स्पंजच्या टणकपणाचा आकडा पाकिटावर असतो आणि तिथे बरेच जण फसतात. चिनी आणि युरोपी मोजपट्टी वेगळी आहे. डीएचएसचा ३९ अंश वाचून तो युरोपी ४७ पेक्षा मऊ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो जास्त टणक असतो. ३९, ४० आणि ४१ यांतून निवडायचं असेल, तर पहिल्यांदा ३९ च घ्या.

जाडी दुसरा आकडा. २.१ किंवा २.२ मिलिमीटर म्हणजे जास्त वेग, २.० च्या खाली आलात की ताबा वाढतो. पहिल्या चिकट रबराला २.० ते २.१ पुरे.

पावसाळा, धूळ आणि थंडी

चिकट रबराला हवा लगेच बाधते. मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकात्याच्या दमट हवेत टॉपशीटवर ओलावा बसतो आणि चेंडू चक्क घसरतो. जवळ कोरडं सुती कापड ठेवा आणि मधूनमधून रबर पुसा. दिल्ली, जयपूरकडे धुळीचा त्रास. चिकट पृष्ठभाग धूळ ओढून घेतो. खेळून झाल्यावर किंचित ओल्या, स्वच्छ स्पंजने पुसा, वाळू द्या आणि वर पारदर्शक फिल्म चिकटवून ठेवा. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत रबर आणखी टणक आणि मंद होतं, तेव्हा आधी दहा मिनिटं गरम व्हा, मग रबराला दोष द्या. उन्हात उभ्या गाडीत बॅट ठेवू नका.

आणखी एक. टणक स्पंज मऊ करायला काही जण त्याला तेलासारखं द्रव्य लावतात, त्याला बूस्टर म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मंजूर रबरावर नंतर कुठलीही रासायनिक प्रक्रिया चालत नाही. बाष्प सोडणाऱ्या गोंदांवर तर २००८ पासूनच बंदी आहे. मुलांच्या बॅटला पाण्यावर आधारलेला गोंदच लावा. स्पर्धेत खेळायचं असेल तर रबरावर महासंघाची मंजुरीची खूण आहे ना, हे बघून घ्या. एक बाजू काळी हवीच. दुसरी लाल चालते, आणि २०२१ पासून गुलाबी, जांभळी, हिरवी, निळीही चालते.

मग घ्यायचं कसं?

एका वेळी एकच बाजू बदला. फोरहँडला चिकट लावा, बॅकहँडला जुनंच राहू द्या. पहिलं रबर स्वस्तातलं, साधं चिनी घ्या. ते मानवलं नाही तर खिशाला फार चटका बसत नाही. मग सहा आठवडे थांबा. पहिल्या आठवड्यात चेंडू जाळीत जातील, तुम्ही नेहमीच्या जोडीदाराकडून हराल, आणि जुनी बॅट काढावीशी वाटेल. काढू नका. दोन-तीन आठवड्यांत हात लांब जायला लागतो, पाय हलायला लागतात.

सहा आठवड्यांनंतर एवढंच तपासा. तुमच्या सर्व्हिसवर समोरच्याच्या जास्त चुका होतात का? पूर्ण ताकदीचा टॉपस्पिन टेबलावर पडतो का? आणि सकाळी उठल्यावर खांदा ठीक आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर हे रबर तुमचं. तिसऱ्याचं 'नाही' असेल, तर पहिली दोन उत्तरं काहीही असोत, रबर काढून टाका. बॅट अजून वीस वर्षं हातात राहायला हवी, एका मोसमापुरती नाही.