व्हॉल्व्हचा आवाज आणि तिसरी पिन

व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प्लिफायर घरच्या घरी, हाताने तारा जोडून बांधायचा, ही हौस आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. सर्किटचा नकाशा मोबाइलवर मिळतो, ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह कुरिअरने येतात, उरलेसुरले सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा हैदराबादच्या कोठीतील गुजराती गल्लीत सापडते. देगलूरच्या माणसाला यातले हैदराबादच जवळचे. तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या या टोकाच्या गावात कुणाच्या माडीवर असा ॲम्प्लिफायर आकार घेत असेल, तर नवल वाटू नये. घरच्यांना मात्र धास्ती वाटते. विजेशी खेळ नको, त्यापेक्षा तयार डबा विकत आण, असे वडीलधारे सांगतात.

धास्ती रास्त आहे, फक्त ती चुकीच्या जागी आहे. सर्किट अवघड नसते. दहावीचे विज्ञान नीट समजलेल्या मुलालाही ते कळू शकते. खरा धोका आहे तो भिंतीवरच्या बोर्डात आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात, आणि तिकडे कुणाचेच लक्ष नसते.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक तार तापून लाल होते, तिच्या उष्णतेने कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धन टोकाकडे धावतात. मधे जाळी असते. जाळीवरचा व्होल्टेज किंचित हलला, की इलेक्ट्रॉनांचा लोंढा मोठ्या प्रमाणात कमी-जास्त होतो. ही जाळी १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टने घातली आणि रेडिओयुगाचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्ह बाजूला पडला. राहिला तो मुख्यतः गिटारवाल्यांकडे. जास्त जोर दिला की व्हॉल्व्ह आवाज हळुवारपणे मोडतो, आणि ज्या विकृतीला रेडिओचे अभियंते दोष मानत, तीच गिटारच्या कानाला गोड लागते.

घरी बांधणाऱ्यांचे आवडते सर्किट म्हणजे फेंडर कंपनीचा १९५० च्या दशकातला ‘चॅम्प’. तीन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, आवाज सुमारे ५ वॉट. पत्र्याच्या चासीत हे सगळे एका शनिवार-रविवारात डाग देऊन जोडता येते. मात्र आतला डीसी व्होल्टेज ३५० च्या आसपास असतो. मोबाइलच्या चार्जरमधून ५ व्होल्ट निघतात, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल.

गिटारचा ॲम्प्लिफायर रेडिओ किंवा टीव्हीसारखा नसतो, तो आणखी एका कारणाने. टीव्ही आपण दुरून बघतो. गिटारच्या तारा मात्र घुरघुर कमी व्हावी म्हणून पिकअपच्या वायरमार्फत थेट चासीला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याची दहाही बोटे सतत चासीवर असल्यासारखीच. चासीत फेज उतरला, तर तो तारांवर उतरतो. मराठवाड्यातल्या वरातीत आणि मिरवणुकीत वाजणारा विजेवरचा बेंजो याच जातीचा: धातूच्या तारा, खाली चुंबकीय पिकअप, पुढे ॲम्प्लिफायर. तिथे तर वीज बहुधा जनरेटरची, आणि अर्थिंग कुठे आहे हे विचारण्याची रीतच नाही.

यात जीव गेलेले आहेत. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच कोसळला आणि दगावला. १९७६ च्या मे महिन्यात ‘यार्डबर्ड्स’चा पूर्वीचा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरात गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला, तिथेही दोष अर्थिंगचाच होता. दोघेही मुरलेले वादक होते.

आता देगलूरच्या घराकडे वळू. जुन्या घरांत थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागे अनेकदा तारच नसते. काही ठिकाणी त्याहून वाईट प्रकार असतो: अर्थचे टोक बोर्डातच न्यूट्रलला जोडून दिलेले असते. सगळे ठीक चालते, जोवर न्यूट्रल शाबूत आहे. वाऱ्यावादळात न्यूट्रल तुटला, की घरातल्या प्रत्येक धातूच्या उपकरणावर फेज येऊन बसतो.

अर्थिंगचा खड्डा खरोखर असला, तरी तो कसा तपासतात? फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॉटचा बल्ब लावून. बल्ब लख्ख पेटला, की अर्थिंग उत्तम असा निकाल. या परीक्षेत खोट आहे. समजा, खड्ड्याचा रोध ५० ओहम आहे. पेटलेल्या १०० वॉटच्या बल्बचा स्वतःचाच रोध पाचशे ओहमच्या वर असतो. त्यामुळे २३० पैकी २१० व्होल्ट बल्बलाच मिळतात आणि तो आनंदाने पेटतो. पण उद्या फेजची तार सुटून चासीला चिकटली, तर २३० भागिले ५० म्हणजे जेमतेम ४.६ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. बोर्डातल्या १६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह म्हणजे साधी इस्त्री. तो पडणार नाही. ॲम्प्लिफायरच्या आतला १ अँपिअरचा फ्यूज वितळेल खरा, पण तार फ्यूजच्या अलीकडेच सुटलेली असेल तर तोही निरुपयोगी. चासी आणि गिटारच्या तारा मुख्य लाइनच्या व्होल्टेजवर तशाच उभ्या राहतील, वाजवणाऱ्याची वाट बघत.

५० ओहम हा आकडा फार वाटेल, पण या भागातली जमीन तशीच आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. देगलूर-बिलोलीकडे मात्र तो थर संपतो आणि खालचा जुना ग्रॅनाइट वर येतो. ग्रॅनाइट विजेचा वाईट वाहक. त्यावर पातळ मुरूम असेल तर नळी ठोकूनही रोध उतरत नाही. जिथे काळी माती खोल आहे, तिथे पावसाळ्यात उत्तम अर्थिंग मिळते. पण हीच माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि नळीला सोडते. मीठ, कोळसा आणि वर बादलीभर पाणी या जुन्या उपायाला अर्थ आहे, कारण ओल आणि क्षार यांवरच सगळा खेळ असतो. फक्त खड्डा केल्याच्या वर्षी ओतलेले पाणी पाचव्या वर्षीच्या मे महिन्यात कामाला येत नाही.

म्हणून सोल्डरिंगचे सामान घेण्याआधी घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. दुकानात त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत तोलत असतो. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, की क्षणार्धात वीज तोडतो. ४.६ अँपिअरची गळती तर त्याला दीडशे पटींनी जास्त. माणसाच्या छातीतून यापेक्षा फार जास्त प्रवाह सेकंदभर वाहिला, तर हृदयाची लय बिघडू शकते. ३० चा आकडा त्या बेतानेच ठरवलेला आहे. हे यंत्र खड्ड्याला पर्याय नाही, पण खड्डा कच्चा असला तरी जीव वाचवते. एमसीबी घर जळू नये म्हणून असतो, आरसीसीबी माणूस मरू नये म्हणून. घर बांधताना फरशीवर जेवढी चर्चा होते, तिच्या शतांश चर्चाही या डबीवर होत नाही.

मात्र बांधणाऱ्याने हेही ओळखले पाहिजे, की आतल्या ३५० व्होल्टसमोर आरसीसीबी आंधळा आहे. ट्रान्सफॉर्मरने ती बाजू मुख्य लाइनपासून तोडलेली असते. तिथून हातात घुसलेला प्रवाह आरसीसीबीला दिसतच नाही. शिवाय प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३५० व्होल्टवर सुमारे ३ ज्यूल ऊर्जा धरून ठेवतो. हात झटकून भिंतीवर आपटायला ती पुरे. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये ती कित्येक पट असते. उपाय किरकोळ आहे: त्या कपॅसिटरवर २२० किलोओहमचा, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाकायचा. मिनिटभरात ३५० चे दोन-तीन व्होल्ट उरतात. तरीही मीटर लावून बघायचे आणि मगच हात घालायचा. चालू सर्किटवर मीटर लावायची वेळ आलीच, तर एक हात खिशात. दोन्ही हात आत असले, तर प्रवाहाची वाट छातीतून जाते.

या छंदातला सर्वांत घातक सल्ला वेगळाच आहे. ॲम्प्लिफायर पूर्ण झाला, चालू केला आणि स्पीकरमधून सारखी घुरघुर येऊ लागली, की कुणीतरी जाणता म्हणतो: अर्थची पिन काढून बघ. मंडपातले माइकवालेही हे सर्रास करतात. घुरघुर खरेच थांबते, आणि तिच्याबरोबर वाजवणाऱ्याचे संरक्षणही. हा सल्ला देणाऱ्याला अनुभवी म्हणू नये. घुरघुरीचा माग कानानेच लागतो. ती गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या सुरापेक्षा, म्हणजे ८२ हर्ट्झपेक्षा खाली असेल, तर ती ५० हर्ट्झची; हीटरच्या तारांतून किंवा ट्रान्सफॉर्मरमधून शिरलेली. हीटरच्या तारांना घट्ट पीळ द्या, दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी काटकोनात बसवा. ती जाड तारेच्या किंचित वर असेल, तर १०० हर्ट्झची. म्हणजे फिल्टरचा कपॅसिटर अपुरा आहे किंवा आतल्या ग्राउंडच्या तारा भलत्या जागी जोडल्या आहेत. रोग आत असताना भिंतीतली तार तोडण्याचे कारण काय?

दुसरा मोह जुन्या रेडिओचा. माळ्यावर आजोबांचा रेडिओ असतोच, त्यातले व्हॉल्व्ह वापरू असे वाटते. आधी त्यांवरचे पहिले अक्षर वाचावे. युरोपीय पद्धतीत ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. ‘यू’ असेल, तर हीटर एकामागे एक ओवून लाइनवर जोडलेले, आणि अशा एसी-डीसी संचांत बहुधा मुख्य ट्रान्सफॉर्मरच नसतो. चासी थेट लाइनला. लाकडी खोके आणि बॅकेलाइटच्या बटणांमुळे रेडिओ ऐकणारा सुरक्षित राहत असे. त्याच चासीला गिटार जोडणे म्हणजे बोर्डात बोट घालण्यासारखे आहे.

सोल्डरच्या धुराबद्दलही गैरसमज आहे. तो धूर शिशाचा नसून राळेचा असतो. त्याने खोकला आणि दमा उफाळू शकतो, म्हणून खिडकी उघडी हवी. शिसे पोटात जाते ते हातांवरून, म्हणून जेवणाआधी साबण. आणि ५ वॉट हा आकडा ऐकून हसू नये. बाजारातल्या डब्यांवर हजारो वॉट लिहिलेले असतात, ते छापखान्याचे वॉट. गिटारचा चांगला स्पीकर खऱ्या ५ वॉटला एका मीटरवर १०० डेसिबलच्या पुढे जातो, आणि कामाच्या जागी रोज १०० डेसिबल सोसण्याची अमेरिकेतली शिफारस फक्त १५ मिनिटांची आहे.

एवढे धोके असताना हा उद्योग करावाच का? करावा. प्रयोगशाळेत आता तयार चिप मिळते. तिच्या आत काय चालते ते दिसत नाही. व्हॉल्व्हमध्ये दिसते, तापलेले, प्रकाशणारे, आणि एक तार चुकली तर गप्प बसणारे. ओहमचा नियम पाठ केलेल्या मुलाला तो पहिल्यांदा खरा वाटतो तो इथे. घरच्यांनी बंदी घातली, तर तो हेच काम रात्री, एकट्याने करील. त्यापेक्षा बोर्ड त्याच्याकडून आधी दुरुस्त करून घ्यावा, वायरमनला शेजारी बसवून.

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये अर्थ टेस्टर वापरायला शिकवतात. शिकाऊ मुलांनी वर्षातून एकदा गल्लीतल्या घरांचे खड्डे मोजून द्यायला हरकत नाही. फक्त मोजणी ऑगस्टात नको, मेमध्ये हवी. सबस्टेशनात प्रत्येक खड्ड्यावर त्याचा रोध आणि मोजल्याची तारीख रंगाने लिहिलेली असते. घरच्या मीटरशेजारीही तेवढी जागा निघते.