जाणारे किती, येणारे किती?

अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत २०२३-२४ या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. भारताचे ३ लाख ३१ हजार, चीनचे २ लाख ७७ हजार. पंधरा वर्षांनी असे घडले, म्हणून ढोलही वाजले. परंतु या आकड्यांच्या पोटात शिरावयास हवे. चीनचे साडेसत्याऐंशी हजार विद्यार्थी तेथे पदवीचे शिक्षण घेत होते, आपले अवघे छत्तीस हजार. आपला तरुण पदवी येथे घेतो आणि पुढे बहुधा कर्ज काढून जातो. आपल्या एकूण संख्येतील ९७ हजार तर शिक्षण संपवून प्रशिक्षणाच्या सवलतीवर काम करणारे होते. ओढ विद्येची किती आणि नोकरीची किती, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

उलट दिशेचा हिशेब अधिक बोचरा आहे. भारतात २०२१-२२ मध्ये परदेशी विद्यार्थी होते ४६ हजार ८७८, म्हणजे हजारी जेमतेम एक. त्यांतही २८ टक्के नेपाळचे. सातव्या शतकात ह्युएनत्संग ज्या देशात, नालंदेस, शिकावयास आला त्या देशाची ही स्थिती! त्याच्या चीनमध्ये २०१८ साली ४ लाख ९२ हजार परदेशी विद्यार्थी होते. त्यांत २३ हजार भारतीय, बहुतेक वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले.