विश्लेषण : एका वायरीने अख्ख्या इमारतीचे इंटरनेट का ठप्प होते?

पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांसाठी म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांची सोडत काढली. मधल्या करोनाकाळात इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या आणि ताबा लांबला. अशा बहुमजली वसाहतीत राहायला आलेल्या कुटुंबाला पाणी-विजेइतकीच निकड आता वायफायची असते. इंटरनेट पुरवणारा अनेकदा मजल्यावर एक स्वस्त स्विच बसवतो आणि तेथून घरोघरी केबल नेतो. एखाद्या दिवशी कोणी केबलचे लोंबणारे टोक दिसेल त्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचतो. दुसरे टोक आधीच त्याच स्विचमध्ये असते आणि काही सेकंदांत सगळ्यांचे इंटरनेट बंद पडते.

दोन वाटा असणे वाईट का?

‘हा पत्ता कोणाचा?’ अशी सर्वांसाठीची हाक आली की स्विच ती आलेला पोर्ट सोडून बाकी सर्व पोर्टांतून पुढे धाडतो. वाट गोल असेल तर ती हाक परत येते, पुन्हा पुढे जाते. इंटरनेटच्या पाकिटावर किती टप्प्यांनंतर ते टाकून द्यायचे याचा आकडा असतो. इथरनेटच्या चौकटीवर, म्हणजे स्विच हाताळतो त्या पाकिटावर, तो नसतो. त्यामुळे वायर उपटेपर्यंत फेऱ्या थांबत नाहीत. घरातला राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग शून्य.

उपाय कधीचा?

अमेरिकेतील डीईसी कंपनीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. स्विच एकमेकांना दर दोन सेकंदांनी संदेश धाडतात आणि सर्वांत लहान क्रमांकाचा स्विच प्रमुख ठरतो. कोणी मुद्दाम क्रमांक बदलला नसेल, तर हा मान अनेकदा सर्वांत जुन्या खोक्याला मिळतो. इथे कुवतीपेक्षा ज्येष्ठता जिंकते. प्रमुखाकडे जाणारी जवळची वाट चालू राहते, जादा वाट अडवली जाते. चालू वाट तुटली की अडवलेली उघडते. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या सुधारित पद्धतीत बहुधा काही क्षणच लागतात.

पण हा रामबाण नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाचे जाळे सुमारे चार दिवस कोलमडले आणि डॉक्टरांना कागद-पेनाकडे वळावे लागले. तुकड्यातुकड्याने वाढलेले जाळे या पद्धतीच्या मर्यादेपलीकडे गेले होते. पनवेल परिसरात योट्टाचे डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झाले. अशा मोठ्या केंद्रांत वाट अडवून ठेवणे परवडणारे नसते. त्यामुळे नव्या रचनेत सहसा स्विचही राउटरसारखे काम करतात आणि सर्व वाटा एकाच वेळी वापरतात.

मग इमारतीत काय?

मजल्यावरच्या साध्या स्विचमध्ये यातले सहसा काहीच नसते. थोडे महाग स्विच स्वतःचा चाचणी संदेश सोडतात. तो परत आला तर तेवढाच पोर्ट बंद करतात. एका घराची चूक मग त्या घरापुरती राहते. ही सोय ‘लूप डिटेक्शन’ नावाने मिळते. काही स्विचमध्ये ती असूनही मुळात बंद असते, म्हणून सोसायटीने केबलचालकाशी करार करतानाच ती आहे का आणि चालू आहे का, हे विचारावे. तोवर, स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागले, की एकेक केबल काढून पाहणे एवढेच हाती उरते.