दुसरा मॉनिटर आणि लांबट वर्तुळ

अंबरनाथला आमची मोठी बहीण राहते. तिची मुलगी घरी बसून एम्ब्रॉयडरीचे पंचिंग करते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्यातले भरतकामाचे यंत्र चित्र पाहून टाके घालत नाही. सुई कुठून कुठे जायची, हे त्याला आधी कॉम्प्युटरवर आखून द्यावे लागते. या आखण्याला पंचिंग म्हणतात. उल्हासनगरात जीन्सचा आणि शिलाईचा एवढा मोठा पसारा आहे की आसपासच्या अनेक घरांना त्यातून काहीतरी काम मिळते.

लॅपटॉपचा पडदा लहान पडतो म्हणून भाचीने उल्हासनगरच्या एका दुकानातून जुना मॉनिटर घेतला. जुन्या ऑफिसांत असायचा तसा जवळजवळ चौकोनी. लॅपटॉपला एचडीएमआयचे भोक आणि मॉनिटरला निळ्या तोंडाची व्हीजीए केबल, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लावला. चित्र आले, सगळे खूश. अक्षरे जरा पुसट दिसत होती, पण जुना माल म्हणून कोणी मनावर घेतले नाही. उर्दूतला नुक्ता एक आहे की दोन, हे वाचायला भाचीला पडद्याजवळ तोंड न्यावे लागे. तिला वाटले डोळ्यांचा नंबर वाढला. चष्मेवाल्याकडे जाऊन आली. नंबर होता तेवढाच निघाला.

मग ते काम आले. अबायाच्या पाठीवर बसवायचे गोल फूल, बाहेरचे वर्तुळ ६० मिलिमीटरचे. कारखानदाराने नमुन्याचा फोटो मोबाईलवर पाठवला होता. भाचीने त्यावरून आखणी केली, तर वर्तुळ किंचित उभट दिसले. फोटो तिरका काढला असेल, असे समजून तिने उंची थोडी दाबली. पडद्यावर छान गोल दिसेपर्यंत. फाईल गेली, छत्तीस नग निघाले. वर लावायचे साटिनचे गोल आधीच कापून तयार होते. ते ठेवून पाहिले तर वर-खाली दोन-दोन मिलिमीटर कापड बाहेर. छत्तीसच्या छत्तीस नग बाद झाले आणि खर्च तिच्या मजुरीतून कापला गेला.

आम्ही रविवारी जोहरनंतर बदलापूरहून गेलो. आपाने दारातच सांगितले, “हिला समजाव. काम सोडते म्हणते.”

भाची म्हणाली, “मामू, माझ्या नजरेलाच गोल कळत नसेल तर हे काम मी कशाला करू?”

आम्ही तिला ती फाईल उघडायला लावली आणि खिडकी माऊसने ओढून लॅपटॉपच्या पडद्यावर आणायला सांगितली. मॉनिटरवर गोल दिसणारे फूल लॅपटॉपवर येताच चपटे झाले. फाईल तीच, पडदे दोन, आकार दोन. आपाने पुढे वाकून पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे हिने नीट असलेलं बिघडवलं?” झाले होते तेच.

कारण समजून घ्यायला फार शिकलेले असावे लागत नाही. सपाट मॉनिटरचा पडदा ठरावीक ठिपक्यांचा बनलेला असतो आणि ती संख्या बदलत नाही. भाचीचा मॉनिटर आडवे १२८० आणि उभे १०२४ ठिपके असलेला. लॅपटॉप मात्र त्याला १०२४ × ७६८ चे चित्र पाठवत होता. मॉनिटर ते ताणून पूर्ण पडद्यावर पसरवत होता. आडव्या दिशेला चार ठिपक्यांचे पाच आणि उभ्या दिशेला तीनचे चार. अक्षरे पुसट होती ती यामुळे. दोन्ही बाजूंचा ताण सारखा नाही, उभा ताण साधारण सहा-सात टक्के जास्त. म्हणून ६० चे वर्तुळ ६४ उंचीचे भासले आणि भाचीने ते दाबून ५६ केले. तिची नजर इतकी चोख होती की चूक मिलिमीटरपर्यंत बरोबर उतरली!

आता दुरुस्ती. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. आधी २ वर क्लिक करा, नाहीतर तुम्ही लॅपटॉपचाच पडदा बदलत बसाल. खाली डिस्प्ले रिझोल्यूशनच्या यादीत ज्या आकड्यापुढे रेकमेंडेड लिहिले असेल तो निवडा. चित्र गेले तर हात लावू नका. पंधरा सेकंदांत विंडोज आपणहून जुन्या आकड्यावर येते. बहुतेक घरांत काम इथेच संपते.

भाचीच्या यादीत मात्र १२८० × १०२४ हा आकडाच नव्हता. अशा वेळी ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन मॉनिटरचे नाव बघावे. तिथे कंपनीचे किंवा मॉडेलचे नाव असेल तर दोन्ही यंत्रांची ओळख झालेली आहे. ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असे असेल तर समोर कोण आहे हे लॅपटॉपला कळलेलेच नाही, म्हणून तो अंदाजाने चालणारा छोटा आकडा देतो. मग सेटिंग्ज कितीही उलटसुलट करा, उपयोग नाही. दोष केबल, कन्व्हर्टर किंवा मॉनिटर यांपैकी एकात असतो.

मॉनिटरच्या आत एक छोटी चिप असते. तिच्यात त्याचे नाव आणि त्याला चालणारे आकडे लिहिलेले असतात. १९९४ पासून ही पद्धत ठरलेली आहे. व्हीजीए केबलच्या तोंडात पिनांच्या पाचपाचच्या तीन ओळी असतात, आणि चिपमधली माहिती तिसऱ्या ओळीतल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांतून जाते. चित्राच्या पिना वेगळ्या. म्हणून चित्र येते आणि ओळख येत नाही, असे होऊ शकते. भाचीच्या केबलची १२ वी पिन आडवी झोपली होती. स्क्रू न लावता जोर देऊन बसवले की हे होते. (मधल्या ओळीतली ९ वी पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते. ती दिसली नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. आम्ही एकदा भांडलो आहोत.)

सगळे बंद करून, संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलची पोकळ नळी पिनेवर चढवली आणि हळूहळू सरळ केली. दोनदा वाकलेली पिन तुटते, तेव्हा अशी केबल फार दिवस वापरू नये. पुन्हा जोडल्यावर मॉनिटरचे नाव आले, यादीत १२८० × १०२४ आला. मॉनिटरवरचे ऑटो बटण दाबले तशी थरथरणारी अक्षरे जागेवर बसली. भाचीने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पडदा खरा दाखवतो की नाही, हे बघायला आपाने हातातली बांगडी काढून दिली. पेंटमध्ये शिफ्टचे बटण दाबून वर्तुळ काढले की ते अचूक गोल निघते. ते बांगडीएवढे केले आणि बांगडी पडद्याला टेकवली. चारी बाजूंनी सारखे दिसले पाहिजे. मोजपट्टीनेही होते, पण बांगडी लवकर सांगते.

आणखी दोन-तीन गोष्टी. विंडोजचे बटण आणि पी दाबून डुप्लिकेट निवडले असेल तर दोन्ही पडद्यांना एकच आकडा घ्यावा लागतो आणि मोठा मॉनिटर पुसट होतो. तिथे एक्स्टेंड निवडा. टीव्हीला लॅपटॉप लावल्यावर कडा कापल्या जात असतील तर लॅपटॉपशी झटापट करू नका. टीव्हीच्याच मेनूत चित्राच्या मापाखाली ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असा पर्याय सापडतो. आणि घरातली वडील मंडळी अक्षरे मोठी दिसावीत म्हणून रिझोल्यूशन कमी करून ठेवतात, हे तर आम्ही घरोघरी पाहतो. अब्बांनी कुराणाचे भाषांतर वाचायला असे केले असेल तर त्यांना रागावू नका. रिझोल्यूशन रेकमेंडेडवर ठेवा आणि त्याच पानावरचे स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. अक्षरे मोठीही होतात आणि स्वच्छही राहतात.

जुना मॉनिटर घ्यायला जाताना आपला लॅपटॉप आणि केबल बरोबर न्या. दुकानातच जोडून ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये नाव येते का ते पाहा. कन्व्हर्टर घेताना ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ असे स्पष्ट सांगा. उलट दिशेचा दिसायला तसाच असतो, पण या कामाला चालत नाही.

कारखानदाराशी आम्ही फोनवर बोललो. माणूस वाईट नाही, पण पैसे परत देणार नाही म्हणाला. पहिला नग निघाल्यावर त्यावर पट्टी ठेवायचे काम त्यांच्या मास्टरचे होते, असे आम्ही त्याला सांगितले. ते त्याला पटले, निदान तो गप्प बसला. भाची आता फाईल पाठवताना मेसेजमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही आकड्यांत लिहिते आणि पहिल्या नगाचा फोटो पट्टीसकट मागते. छत्तीस नगांपैकी काही आपाने उशांच्या अभ्र्यांना लावले आहेत. बाकीचे अजून कपाटात आहेत.