'स्कोप' नसलेला पेपर

मंडळी, बारावीनंतर पर्यावरणशास्त्राला जातो असं घरात एकदा सांगून बघा. "स्कोप काय?" हा प्रश्न पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत येतो. कॉम्प्युटरला जाणाऱ्याला हे कुणी विचारत नाही (मला तरी नाही विचारलं). ज्याला हा विषय पूर्णवेळ शिकायचाय त्याची लढाई वेगळी, तिच्यावर पुन्हा कधीतरी. आज माझं भांडण आहे ते आपल्या सगळ्यांच्या माथी आलेल्या पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरावरून.

हा पेपर कुणा कुलगुरूंची लहर नव्हे. वकील एम. सी. मेहता सुप्रीम कोर्टात गेले, १९९१ मध्ये कोर्टाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. मग बारा वर्षं रखडपट्टी. २००३ मध्ये कोर्टाने पुन्हा कान पिळले तेव्हा कुठे यूजीसीचा सहा महिन्यांचा कोर्स सगळ्यांना लागू झाला. ५० तास, १०० मार्क. आणि गंमत बघा, त्यातले ५ तास आणि २५ मार्क फील्डवर्कला होते! जवळची नदी किंवा डोंगर बघा, एखादी प्रदूषित जागा बघा, पक्षी-किडे-झाडं ओळखा. किती साधी आणि शहाणी अपेक्षा!

आमच्या कॉलेजात (नाव नको) फील्डवर्क म्हणजे फाईल. सीनियर्सची फाईल, झेरॉक्सवाल्याकडे तयार, फक्त नाव बदला. कव्हरवर ध्रुवीय अस्वल. नाशिकमध्ये! गोदावरी रिक्षाच्या अंतरावर वाहतेय आणि पोरं अस्वलाला बायंडिंग करतायत. सरांनीही सही ठोकली, कारण सर मुळात दुसऱ्याच विषयाचे.

"त्यात काय बिघडलं?" असं म्हणणाऱ्यांनी २०२५ च्या अखेरचं तपोवन आठवावं. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी अठराशेच्या आसपास झाडांवर गदा आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले हे खरंच. पण आपल्या जातीचे, डिस्टिंक्शनवाले लोक व्हॉट्सॅपवर काय लिहीत होते? "दुसरीकडे दहापट लावतील की, प्रॉब्लेम काय?" अरे, उद्या कुणी प्रॉडक्शन डेटाबेस उडवून "त्याबदल्यात दहा रिकामी फोल्डर देतो" म्हणाला तर चालेल का तुला? जुन्या झाडावरची घरटी, ढोलीतली घुबडं, बुंध्याखालची माती रोपासोबत टेम्पोतून येत नाही. हे कळायला पीएचडी लागत नाही, ते पाच तास लागतात. तेच आपण खाल्ले.

आणि बघायला काय कमी आहे इथे? अंजनेरीचा डोंगर घ्या. तिथल्या एका दुर्मिळ वनस्पतीचं नावच सेरोपेजिया अंजनेरिका आहे, २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी ती नोंदवली. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. गोदावरी-कादवा संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, गाळ साचला, पाणथळ तयार झाली, पक्षी आले. म्हणजे एका इंजिनिअरिंगच्या कामातून अभयारण्य उभं राहिलं! हे सिव्हिलच्या किती पोरांना कुणी सांगितलं?

२०२३ मध्ये यूजीसीने नवा आराखडा काढला, आता किमान चार क्रेडिट. छान. पण चार क्रेडिटची पीडीएफच होणार असेल तर झेरॉक्सवाल्याचा धंदा गेला, एवढाच काय तो फरक.

माझी मागणी अगदी किरकोळ आहे. लेखी परीक्षा हवी तर बंद करा. प्रत्येक बॅचला तीन बाटल्या द्या. एक गंगापूर धरणापाशी भरायची, दुसरी रामकुंडाच्या खाली, तिसरी टाकळीला, जिथे नासर्डी (कागदोपत्री नंदिनी) गोदावरीला मिळते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला लागणारं ब्युरेट पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्री लॅबमध्ये धूळ खात पडलंय. आकडे दरवर्षी कॉलेजच्या गेटवर लावा, मनपालाही पाठवा. ज्या कॉलेजचे आकडे शेजारच्या कॉलेजशी तंतोतंत जुळतील, त्यांचे २५ मार्क कापा :)